सोलून भाजलेला हरभरा

ती मला आल्या दिवसापासून आवडली नाही. कारण क्षुद्र होतं: तिला माझं काम यायचं. उत्खननातल्या जुन्या चुलींची राख पाण्यात घोळायची, वर तरंगलेले जळके दाणे वेचायचे आणि त्या काळच्या माणसांनी काय, कसं रांधून खाल्लं ते ओळखायचं, हे माझं काम. अकरा वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे घालून मी चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. करमाडची ही पोरगी मदतनीस म्हणून आली आणि बशीत नुसतं डोकावून सांगू लागली, हे हुलगे, ही मटकी. बरोबर निघायचं. सर खूश, माझा जळफळाट.

एका खड्ड्यात हरभऱ्याचे सुरकुतलेले दाणे आणि घाट्यांची जळकी टरफलं निघाली. मी नोंद केली, खळ्यावरचा कचरा, जळणात गेलेला. ती म्हणाली, हा हावळा आहे, शेतात ओला हरभरा भाजून खातात तो. जिचं खरं ठरेल तिनं अहवालातलं ते प्रकरण लिहावं, असं सरांनी ठरवलं. ते प्रकरण मला हवं होतं.

गारखेड्यातल्या माझ्या घराजवळून हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी आणली, निगुतीनं घाटे सोलले आणि दाणे कढईत कोळसा होईस्तोवर भाजले. नवरा खोकत बाहेर जाऊन बसला. दाणे फुटले, पण सुरकुतले नाहीत; म्हणजे खड्ड्यातला तो हावळा नव्हे. आनंदाच्या भरात मी चहासुद्धा न पिता निघाले.

सरांसमोर बशी ठेवली. तिनं एक दाणा उचलून पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं, अगदी मायेनं.

"सोलून भाजले व्हय, ताई? हावळा झाडासगट भाजतेत. दाणा घाट्यातच शिजला पायजे."

दुसऱ्या दिवशी तिनं गावाकडून डहाळ्यांचा भारा आणला आणि इमारतीमागं तुराट्यांचा जाळ केला. घाटे काळे पडून राखेत गळाले. जाळात जास्त वेळ राहिलेले दाणे आतल्या आत आक्रसले होते, थेट खड्ड्यातल्यासारखे. बाकीचे सगळ्यांनी राखेतून वेचून खाल्ले, तोंडं काळी केली. मी म्हटलं, मला मंगळवारचा उपवास आहे. मी मंगळवार करत नाही.

प्रकरण तिला गेलं. तिचा टायपिंगला हात बसलेला नाही, म्हणून टाइप करायचं माझ्याकडं आलं. चुका सापडतील या आशेनं मी बसले. शुद्धलेखनाच्या चार सापडल्या. शेवटच्या पानावर तिनं लिहिलं होतं, सोललेले दाणे भाजल्यावर सुरकुतत नाहीत, हे ताईंनी आधी करून पाहिलं, म्हणून हा हावळाच असं खात्रीनं सांगता येतं.

माझी चूक तिनं पुरावा करून टाकली होती. एवढं चांगलं असायची काय गरज होती? ते वाक्य खोडायला मी दोनदा बोट नेलं. पण अहवालात 'ताई' चालत नाही. तिथं माझं पूर्ण नाव घालावं लागलं, आणि ते मीच टाइप केलं.