टिबुकलीचा आडोसा

चिकलठाण्याच्या कारखान्यांमागं एक लहानसं तळं आहे. पावसाळ्यात मी दर रविवारी सकाळी तिथं कॅमेरा घेऊन जायची. मला पक्षी ओळखायला शिकवलं ते एका निवृत्त प्राध्यापकांनी. आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. मीही त्यांना फार मानायची.

त्या रविवारी काठाजवळच्या पाणकणसांत टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं तरंगतं घरटं दिसलं. आईच्या पंखांतून तीन पट्टेरी डोकी बाहेर डोकावत होती. मी आनंदानं सरांना फोन केला. ते अर्ध्या तासात आले. त्यांच्या गळ्यात कॅमेरा आणि पिशवीत बागेतली कात्री होती.

"पानं फार मध्ये येताहेत. थोडं साफ करू," म्हणाले आणि पँट दुमडून पाण्यात उतरले.

"सर, घाबरेल ती."

"येईल परत. तुम्ही तयार राहा."

मी तयार राहिले. टिबुकली बुडी मारून लांब निघाली आणि तिकडून ओरडू लागली. सर पाणकणसं कापत गेले. घरटं उघडं पडलं. ओल्या गवतावर तीन पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती.

काठावर शेळ्या चारणारी एक बाई धावत आली. मी जायची तेव्हा ती तिथंच असायची.

"ओ साहेब, कामून तोडू लागले ते? आडोसा हाय त्यांचा!"

"मावशी, आम्ही अभ्यासक आहोत," सर म्हणाले.

तेवढ्यात कावळा उतरला. बाईनं काठी भिरकावली, पण एक पिल्लू त्याच्या चोचीत गेलं होतं. त्याचे पाय हलत होते. आणि सर गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "मिळाला! काय क्षण मिळाला!"

मी बाजूला जाऊन ओकले.

संध्याकाळी ग्रुपवर सरांनी काढलेला कावळ्याचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'निसर्गाचा कठोर नियम'. मग वाहवा आणि जोडलेले हात, एकामागून एक. मला त्या प्रत्येक हाताची किळस आली. मी माझा कॅमेरा उघडला. माझं बोटही बटणावरून उठलं नव्हतं. कावळ्याचे चार फोटो माझ्याकडंही होते, आणि त्यांच्याआधी सरांच्या हातातली कात्री, कापलेली पाणकणसं, सगळं स्वच्छ. तो कात्रीचा फोटो मी एक शब्दही न लिहिता ग्रुपवर टाकला.

लगेच सरांचा फोन आला. "मला तोंडावर बोलायचं ना. हा काय प्रकार आहे?"

"तोंडावरच बोलायला हवं होतं, सर. पाण्यात उतरलात तेव्हाच."

त्यांनी फोन ठेवला. तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. वाईट वाटलं नाही. माझी मलाच आलेली शिसारी तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून रिकाम्या हातानं तळ्यावर गेले. बाईनं मला ओळखलं. मग पलीकडच्या काठाकडं काठी केली. टिबुकली पाण्यावर होती, पाठीवर पिल्लं.

"दोन राह्यले," ती म्हणाली. "हितूनच बघा. फुडं जाऊ नका."

"नाही जात," मी म्हणाले.

शेळ्या वळवून ती माझ्या आणि तळ्याच्या मध्ये येऊन बसली.