बटणांची पाठ

उन्हात तापलेल्या सावरीच्या कापसाचा वास आला, की मुळशीतलं आमचं घर डोळ्यांपुढं येतं. अब्बा दारोदार फिरून गाद्या भरायचे. पावसाळ्यात कुणी कापूस बाहेर काढत नसे, मग आम्ही एक वेळ जेवायचो. त्या वर्षी तर मला शाळेतून काढून लोकांच्या शेतात भाताच्या आवणीला धाडायचं ठरत आलं होतं. अशात वैशाखात धरणाकडच्या बंगल्यातल्या बाईंनी पलंगाच्या उशाला टेकायला लावायची, बटणं खोल रुतलेली मऊ पाठ मागितली. पावसातही घरात बसून करता येईल असं ते काम. अब्बांनी कधी केलं नव्हतं, तरी हो म्हटलं. दारातून आलेल्या तिरपीत सावरीचे तंतू तरंगत होते, आणि पाठीसाठी भोकं पाडून उभ्या केलेल्या फळीमागं बसून मी अब्बांनी पुढून खुपसलेलं दाभण ओढत होते. अब्बांनी सवयीनं फळी आणि मखमलीच्या मध्ये कापूस गादीसारखा ठासला होता. बटण रुतेना, दोरा तेवढा तुटायचा. "लई हट्टी हाय ही," अब्बा वैतागले. बटणांवर मखमल चढवत बसलेली अम्मी हसली, "अवं, पोट तट्ट भरलेल्याला वाकायला सांगताय व्हय? काढा की थोडा." दोन ओंजळी कापूस निघाला, आणि पुढचं बटण पाण्यात खडा बुडावा तसं अलगद आत गेलं, भोवती मखमलीच्या चुण्या पाकळ्यांसारख्या उमलल्या. बाईंनी पाठ पाहिली आणि खुर्च्याही मढवायला धाडल्या. पावसाळाभर अब्बांना काम पुरलं, मी शाळेतच राहिले, आणि पुढं आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले.