बोंग-छीचं माहेर

आमच्या तैनानमध्ये दुखवटा असलेल्या घरात वर्षभर बाचांग बांधत नाहीत. पाचव्या महिन्याच्या सणाला बांबूच्या पानांत चिकट तांदूळ नि डुकराचं मांस बांधून आणायचं ते बायकोच्या माहेरच्यांनी. मगच ते गेलेल्या माणसापुढे ठेवायचं. ज्याने हा नियम केला, त्याला वाटलं असावं की माहेर सगळ्यांनाच असतं. मला तर त्याचा संताप येतो.

बोंग-छी मावशी आमची शेजारीण. तिसरी मुलगी झाली म्हणून आईबापांनी दोन वर्षांची असतानाच तिला दुसऱ्या घरी होणारी सून म्हणून देऊन टाकलं, ते परत फिरकले नाहीत. तिच्या नावाचा अर्थच 'पोसू कशीबशी'. त्या घरातल्या ज्या मुलाबरोबर, किम-स्वीबरोबर, ती वाढली, त्याच्याशीच तिचं लग्न झालं. या वसंतात तो गेला. त्याला बाचांगमध्ये शेंगदाणे जास्त लागायचे.

सणाच्या आदल्या दिवशी मावशीने शेगडी, तांदूळ, भिजवलेली पानं, सगळं उंबऱ्याबाहेर गल्लीत मांडलं. थोरली जाऊ स्यू-ग्योक धावत आली.

"अगं, दुखवट्यात बाचांग बांधतेस? लोक काय म्हणतील?"

"मग तुम्ही आणताय का, जाऊबाई?"

"मी कशी आणू? मी सासरची!"

"म्हणजे त्याच्या फोटोपुढे रिकामी ताटली ठेवू?"

"पुढच्या वर्षी ठेव की. गेलेल्या माणसाला कसली घाई?"

मावशीने दोरीचं टोक दातांत धरलं आणि गाठ अशी काही आवळली, की जाऊबाई दोन पावलं मागे सरल्या.

सणाच्या सकाळी तिने दार ओढून घेतलं, बाचांगचा घड खांद्यावर टाकला आणि थेट देवळापर्यंत जाऊन परत आली. आम्ही सगळे दारांत उभे. स्वतःच्याच दारावर तिने धाडधाड थाप मारली.

"कोण आहे घरात? बोंग-छीच्या माहेरून आलेय!"

"कसलं सोंग हे?" स्यू-ग्योक ओरडली. "तुला कुठलं गं माहेर?"

"मी आहे की! मला आजवर पोसलं कोणी? मीच. मग मीच माझं माहेर. आणि माहेरचं माणूस दारात उभं आहे, जाऊबाई. सासरच्यांनी चहा विचारायची रीत आहे."

गल्लीत कोणीतरी फिसकन हसलं. बहुतेक मीच.

मावशीने दार ढकललं, आत गेली, एक बाचांग घडातून सोडवून ताटलीत ठेवलं.

"शेंगदाणे जास्त घातलेत," ती फोटोला म्हणाली. "माझ्या माहेरचे आहेत. खा."