तीन टूल्स आणि आईचा एकच फोटो

आमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क भरली, की जुनं काम उडवून जागा करता येते. किश्श्यांचं तसं नाही. ते साठतच जातात, आणि चहाला बसल्यावर कुणी एक काढला की मागून पाच निघतात. पूर्वी आम्ही नुसते हसायचो. फोटो हलायला लागल्यापासून हसायच्या आधी एकदा मागं वळून बघतो!

म्हणजे असं, की फोटो द्यायचा आणि एआयनं त्यातल्या माणसाचा पाच-दहा सेकंदांचा व्हिडिओ करून द्यायचा. सोलापुरात आता हा सगळ्यांनाच हवाय. लग्नाला हवा, तेराव्याला तर हवाच. कुठलं टूल चांगलं ते बघायला आम्ही तीन घेतली. नावं परदेशी, मालक अंबादासअण्णांच्या जिभेला झेपेनात. म्हणून त्यांनी तिघांचं बारसंच करून टाकलं: हसरं, घाईचं आणि गप्प.

*

पहिली टेस्ट अण्णांच्याच फोटोवर. हसऱ्यानं त्यांना बत्तीस दात दाखवत हसवलं. अण्णांचे पुढचे दोन दात पडून जमाना झाला! "बघ की, ह्यानं बसवून दिलं!" अण्णा खूश. घाईच्यानं मान अशी गर्रकन फिरवली, की कान गालावर आला.

गप्पानं जवळजवळ काहीच केलं नाही. स्क्रीनवरचे अण्णा सावकाश श्वास घेत आमच्याकडे बघत राहिले. खरे अण्णा खुर्ची मागं सारून उठले.

"बंद कर गं ते आधी. ह्यो तर माझ्यापेक्षा जास्त मी हाय!"

*

त्याच दिवशी अण्णा मला म्हणाले, "तुझ्या आईचा फोटो घे की टेस्टला. स्कॅन तर केलेलाच हाय."

मी नाही म्हणाले. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिचा एकच फोटो आहे, रंगवलेल्या पडद्यापुढं उभी, ओठ घट्ट मिटलेले. आणि माझ्याकडे तिची एकच आठवण आहे. मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता ती मान वर करते आणि माझ्याकडे बघून हसते. बस, एवढंच. मशीननं तिला दुसरं काही हसू दिलं आणि ते माझ्या आठवणीतल्या हसण्यावर येऊन बसलं, तर? मला सरळसरळ भीती वाटायची. मशीनची नाही, माझ्याच डोक्याची.

"बाबांना ठाऊक असेल की ती कशी हसायची," अण्णा म्हणाले. तो एक आधार होताच. मी विसरलेच, तर बाबा आहेत.

*

आमचे फोटोग्राफर महबूबभाई. त्यांनी आपल्या शाळेचा ग्रुप फोटो हसऱ्याला दिला. चाळीस पोरं आणि मधे हेडमास्तर. चाळीसही पोरांनी एकाच वेळी डोळे मिटले आणि एकाच वेळी उघडले! मागच्या रांगेतले दोघं तर हळूहळू एकमेकांत शिरून एक झाले.

महबूबभाईंच्या कपाळाला घाम. "इत्त्या पोट्ट्यां एक साथ आंखां मिचते मैं कब्बी नै देख्या!"

मग बराच वेळ स्क्रीनला नाक लावून बसले. म्हटलं, भाई, आता काय शोधताय?

"दोनों में से मैं कौनसा था, वो देख रहा हूँ!"

*

सांगोल्याकडचं एक कुटुंब तेराव्यासाठी आजोबांचा फोटो घेऊन आलं. अंगावर शाल, उजवा हात शालीच्या आत. घाईच्यानं नावाप्रमाणं घाई केली. हात बाहेर काढला आणि आजोबांना टाटा करायला लावला. पाच बोटं, स्वच्छ.

आजी किंचाळल्या. "ह्यो कोन? ह्यो न्हवं आमचा!"

आजोबांची दोन बोटं कडबा कापायच्या मशीनमध्ये, कडबाकुट्टीत गेली होती. म्हणून तर हात शालीत! मी माफी मागून व्हिडिओ पुसायला निघाले, तर थोरल्या मुलानं थांबवलं.

"र्‍हाऊ द्या की ताई. वर गेल्यावर आली आसतील."

*

वळसंगच्या एक बाई वडिलांचा फोटो घेऊन आल्या. जुना, काळा-पांढरा. खुर्चीत बसलेला माणूस, फेटा, नजर खाली, दोन्ही बाजूंना दोघं खेटून उभे. चार वाजता येते म्हणून त्या बाजाराला गेल्या. मी गप्पाला काम दिलं. म्हटलं, हे बिचारं काही आगाऊपणा करत नाही.

त्या माणसानं अगदी सावकाश पापण्या उचलल्या आणि डोळे उघडले. मला बरं वाटलं, छान जमलंय म्हणून. तेवढ्यात अण्णा मागून आले आणि त्यांनी थेट प्लगच उपटला!

"हा फोटो मी काढलाय," ते म्हणाले. "जिता असताना एक बी फोटो न्हवता, म्हणून गेल्यावर खुर्चीत बसिवला हुता. दोघांनी दोन बाजूनं धरलं हुतं. आगं, मेलेला माणूस हाय त्यो!"

बाईंना आम्ही मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं. त्या फोटो छातीशी धरून म्हणाल्या, "बरं झालं. मला बी वाटतच हुतं, उठवू नये त्यास्नी."

तेव्हापासून फोटो हातात घेतला, की आम्ही आधी विचारतो, "जिवंतपणीचा आहे ना?"

परवा एक गृहस्थ भडकले. "आवो, माझाच हाय की!"

*

गेल्या महिन्यात माझा वाढदिवस झाला. महबूबभाई भला माणूस. सरप्राइज म्हणून त्यांनी स्कॅनमधला आईचा फोटो तिन्ही टूल्सना देऊन ठेवला होता. मला काही कळायच्या आत एकामागून एक तिन्ही व्हिडिओ सुरू झाले. हसऱ्यात ती खळाळून हसते. घाईच्यात पदर तोंडाला लावते. गप्पात नुसती ओठाची कड हलते.

भाईंना मी थँक्यू म्हणाले. मग खाली जाऊन पायरीवर बसले आणि डोळे मिटून माझ्या आठवणीतलं तिचं हसू आठवायला लागले. सूप दिसलं, विड्या दिसल्या. मान वर झाली, आणि चेहरा येईना. आले ते व्हिडिओतले हे तीन चेहरेच, एकामागून एक. इतकी घाबरले, की तशीच रिक्षा करून घरी गेले.

बाबा भाजी निवडत बसले होते. भाईंनी पाठवलेले व्हिडिओ काढून मी त्यांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिला व्हिडिओ बघितला.

"आशीच हसायची," म्हणाले. डोळे भरून आले.

दुसरा लावला. "व्हय. आशीच."

तिसरा लावला. तो त्यांनी दोनदा बघितला. "आशीच की गं."

"बाबा, तिन्ही वेगळी आहेत. नीट बघा. खरं कुठलं?"

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. निवडलेलीच भाजी परत निवडायला लागले. माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलेत, असं मला वाटलं.

"मी तवा भिवंडीला मागावर कामाला हुतो. वर्सातनं चार दिस यायचो," ते म्हणाले. "तूच हुतीस की तिच्यापाशी. आता तूच सांग, ह्यातली तुझी आई कुटली?"