बारकीच्या लग्नाचे फोटो

मुरबाडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत जगदीशभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. रविना मेंगाळ तिथं पहिल्यांदा गेली ती कॉलेजसाठी पासपोर्ट फोटो काढायला. फोटो हातात पडले तरी ती काउंटरवरून हलेना.

"भाऊ, हा यंत्रातून कागदावर येतो कसा?"

जगदीशभाऊंना प्रश्न आवडला. त्यांनी तिला आत बोलावून सगळं दाखवलं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती परत आली, मग रोज यायला लागली, आणि बघता बघता स्टुडिओतली निम्मी कामं तिच्या अंगावर आली.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतली ही मुलगी. आई, मंगळी, रानातला हिरडा आणि आवळे बाजारात आणून विकायची. पोरगी दिवसभर त्या काळ्या डबड्यात डोळा घालून काय बघते, हे तिला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. म्हसा गावच्या जत्रेत रविनानं पडद्यासमोर माणसं उभी करून फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा मंगळी मुद्दाम बघायला गेली. पोरीसमोर लागलेली रांग पाहिली आणि तशीच परत आली. वाडीत मात्र त्या दिवसापासून सांगत सुटली, "माझी रविना फोटोवाली हाय."

त्याच जत्रेच्या धुळीत रविना एक गोष्ट शिकली. गुरांच्या बाजारातून उठलेला फुफाटा फोटो साठवणाऱ्या मेमरी कार्डाच्या पिवळ्या पट्ट्यांवर बसला, की कॅमेरा कार्डाला ओळखच देत नाही. तेव्हापासून तिची कार्डं कधी खिशात सुटी फिरली नाहीत. झाकणाच्या छोट्या डबीत कोरं कार्ड उताणं, भरलेलं पालथं, आणि पावसाळ्यात सोबत बुटाच्या खोक्यात मिळते ती ओल शोषणारी पुडी. जगदीशभाऊ म्हणायचे, "कॅमेरा बिघडला तर दुसरा मिळतो, रविना. कार्डात जे आहे ते दुसरं मिळत नाही." दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढायचं नाही, आणि फोटो दोन ठिकाणी उतरवून, उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही पुसायचा नाही, हे त्यांनी तिच्या हाडीमाशी भिनवलं होतं.

मग वैशाखरे गावात सामुदायिक लग्न निघालं. शहापूर आणि मुरबाडच्या वाड्यावाड्यांतली जोडपी. त्यांतली बरीच अशी, की तरुणपणी मांडव घालायची ऐपत नव्हती म्हणून नुसती एकत्र राहायला लागली. पोरं झाली, नातवंडं झाली, अंगाला हळद काही लागली नाही. रविनाच्या वाडीतले धाकलू आणि बारकी सगळ्यांत वयस्क. बारकीचे केस पार पांढरे. तिच्या मुंडावळ्या तिच्या नातीनं बांधल्या.

लग्न लावणाऱ्या संस्थेनं फोटोंचं काम रविनाला दिलं. एवढ्या मोठ्या मांडवात ती पहिल्यांदाच एकटी उभी होती. सकाळी हळदीपासून तिनं सुरुवात केली. पिवळी तोंडं, पाटावर बसल्या बसल्या आईच्या मांडीत शिरणारी पोरं, अंतरपाटामागून डोकावणारे म्हातारे नवरदेव. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, आणि बारकीनं धाकलूकडे पाहून तोंडावर हात घेतला. रविनाचं बोट बरोबर त्याच क्षणी बटणावर पडलं. फोटो जमला हे माणसाला काढतानाच कळतं. तिच्या अंगावर काटा आला.

जेवणावळी सुरू झाल्या तशी तिनं कार्ड बदललं. मांडवातल्या मोठ्या पडद्याचं काम शाम नावाच्या पोरगेल्या गड्याकडे होतं. तो धावत आला. "ताई, लग्नाचे फोटो पडद्यावर लावू या ना! लोक जेवता जेवता बघतील." रविनाला ते पटलं. भरलेलं कार्ड तिनं त्याच्या हातात दिलं, "नुसतं कॉपी कर," असं बजावलं आणि ती पंगतीकडे वळली.

शामनं घाईत कॉपीऐवजी कट केलं. फोटो कार्डातून निघून लॅपटॉपमध्ये जात होते, तेवढ्यात कुणीतरी "पाहुणे निघाले, भाषणाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर द्या!" म्हणून ओरडलं. पेनड्राइव्ह लावायला जागा हवी म्हणून त्यानं चालू कामातच कार्ड उपटलं. लॅपटॉपमध्ये आलेले फोटो उघडेनात. कार्ड परत घातलं, तर पडद्यावर एकच ओळ आली. कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करायचं का?

रविना आली तेव्हा शामचं बोट त्या 'हो'वरच जात होतं.

"हात लावू नको!" ती एवढ्या जोरात ओरडली की पंगतीतल्या माना वळल्या.

तिनं कार्ड काढून घेतलं. कार्डाच्या कडेची बारीकशी कळ नखानं खाली सरकवली, म्हणजे त्यावर आता कुणालाही काही लिहिता येणार नाही. मग ते डबीत ठेवलं. शामचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, समदा गेला?"

"गेला नाय. कुठं पडलाय ते दिसत नाय एवढंच. त्याच्यावर नवीन काय पडू द्यायचा नाय." हे ती ठामपणे बोलली खरी, पण डबीचं झाकण लागलंय ना ते तिनं पुन्हा दाबून पाहिलं.

संस्थेच्या बाईंनी मार्ग काढला. "हार अजून गळ्यात आहेत सगळ्यांच्या. पुन्हा उभे करू या, अंतरपाट धरू या, फोटो घेऊन टाक." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. काही जोडपी उठलीसुद्धा. बारकी जागची हलली नाही.

"लगीन झाला माझा," ती म्हणाली. "एवढी वर्सं थांबून झाला. आता परत खोटा खोटा कशाला करू? फोटो नाय तर नाय गो पोरी, तू वाईट वाटून घेऊ नको."

त्या समजूतदारपणानं रविनाला जास्तच लागलं. "आजी, तुझा फोटो मी आणीन," ती म्हणाली आणि उरलेला समारंभ दुसऱ्या कार्डावर चोख काढला.

सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधीच ती पायरीवर बसलेली होती. जगदीशभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत जसंच्या तसं कॉम्प्युटरवर उतरवून घे," ते म्हणाले. "मग कार्ड बाजूला ठेव. जे काय खोदायचं ते त्या नकलेत खोद. तिथं चुकलो तर परत करता येईल."

नक्कल उतरायलाच दुपार झाली. मग हरवलेले फोटो शोधणारा प्रोग्रॅम लावला. पडद्यावरची हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. पहिला फोटो आला तो खाली अर्धा करडा. दुसराही तसाच. रविनानं मान खाली घातली. तिसरा उघडला आणि अख्खा मांडव पडद्यावर उभा राहिला! मग धबधबा फुटावा तसे फोटो यायला लागले. नावं गेलेली, क्रम गेलेला, हळदीचा फोटो कन्यादानात मिसळलेला, पण माणसं सगळी धड.

पट्टी संपली. रविनानं चाळून पाहिलं, पुन्हा चाळलं. बारकीचा तो फोटो त्यात नव्हता.

"भाऊ, बाकी मिळाले. तोच नाय."

"खोल शोधायचं बटण आहे ना? मग दाब की!"

खोल शोधाला आणखी वेळ लागला. भाऊंनी दोनदा चहा मागवला, तिचा दोन्ही वेळा गार झाला. करड्या, फाटक्या तुकड्यांतून एक एक चौकट वर येत होती. आणि एकाएकी तोंडावर हात घेतलेली, पांढऱ्या केसांची, डोळ्यांनी हसणारी नवरी समोर आली.

रविना खुर्चीवरून उठलीच. "भाऊ, बारकी आजी!" तिचा आवाज एवढा चढला की शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातली माणसं आत डोकावली. भाऊ चष्मा पुसायला लागले.

पुढचे काही दिवस ती फोटो जुळवत बसली. क्रम गेला होता, पण ही माणसं तिच्या ओळखीची होती. कुठल्या वाडीचं लुगडं कसं नेसतात, कुणाच्या मांडीवर कुणाचा नातू बसला होता, ते ती जाणत होती. प्रत्येक जोडपं तिनं आपापल्या फोटोंशी गाठून दिलं. छापले, वेगवेगळ्या पाकिटांत भरले आणि स्वतः पोचवायला निघाली. शहापूरकडच्या वाड्यांना शामनं मोटारसायकलवरून नेलं. तो आपणहून आला होता. दर घरी पाकीट देताना तोच पुढे व्हायचा, "ताईनं कार्ड वाचवला," असं सांगायचा आणि आपण काय केलं होतं तेही लपवायचा नाही.

आपली वाडी तिनं शेवटी ठेवली. बारकीचा फोटो मोठा करून चौकटीत बसवला होता. बारकीनं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"ही मी?"

"तूच, आजी."

"आन ह्या थेरड्यानं टोपी वाकडीच घातलेली! एवढ्या वर्सांनी लगीन लागला, आन टोपी धड नाय."

सगळी वाडी खो खो हसली. धाकलू पुढे झाला. त्यानं हळूच चौकट तिच्या हातातून घेतली, डोक्यावर धरली आणि भर दुपारी अंगणातून चालायला लागला. कुणीतरी ढोल काढला. त्या दिवशी वैशाखऱ्याहून सगळ्यांना टेम्पोतून घाईघाईनं परत आणलं होतं, वरात कुणाचीच निघाली नव्हती. ती आता निघाली. पुढे चौकट घेतलेला धाकलू, मागे नातीचा हात धरून बारकी, वाडीतली बाकीची जोडपी आपापले फोटो उंच धरून, पोरं नाचत.

मंगळी आवळ्यांची पाटी टाकून धावत आली. "रविना, अगो बघत काय उभी? काढ ना फोटो!"

रविनानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि वरातीच्या पुढे उलट्या पावलांनी चालायला लागली.