मोठ्यांच्या भेटी बंद केल्या तो नाताळ

थंडीसाठी गरम कपड्यांची पेटी उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला, की मला तो नाताळ आठवतो. त्या वर्षी मी फार थकले होते. एकट्या मोठ्यांच्याच सोळा भेटी आणायच्या, कागदात बांधायच्या, वर नावं लिहायची. आणि सगळ्यांच्या कपाटात शेवटी तेच टॉवेल, त्याच चादरी. म्हणून मी घरोघरी फोन करून सांगितलं, यंदापासून भेटी फक्त मुलांना. सगळ्यांना बरंच वाटलं. नाताळच्या जेवणाला तुमच्या आजोबांची थोरली बहीण कामठीहून ऑटोने आली. दम खात बसली आणि पिशवीतून स्वतः विणलेला करडा स्वेटर काढून माझ्या मांडीवर ठेवला. "आक्का, आपलं ठरलं होतं ना?" मी जरा वैतागूनच म्हणाले. "ठरलं ना, लेकरायलेच द्याचं! पोळी लाटता येत नव्हती तुले, मीच शिकवली वं. तू मोठी कधी झाली?" सगळे हसले. तिला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. करंज्यांचा डबा भरून दिला, तर त्यातल्याही निम्म्या तिने परत काढून ठेवल्या. आता या घरात सगळ्यांत मोठी मीच. ठरलेलं सगळे नीट पाळतात. मला लेकरांत धरणारं मात्र कुणी राहिलं नाही.