सासऱ्याच्या बापाची मोटर

माझ्या सासऱ्याच्या बापाजवळ मोटर होती, ही गोष्ट जगात दोनच माणसाले पटली होती. एक माझा सासरा आणि दुसरा मी. आता माझं काय, जिथं मले जेवाले बोलावते, तिथलं मले सगळंच पटते!

बाकी कोणी मानाले तयार नोतं. मामाजीचा, म्हणजे सासऱ्याचा, चुलतभाऊ तात्या तर कोणाच्याही लग्नात पंगत बसली का सुरू होये, "मोटर? अबे, तुह्या बापाजवळ दोन बैल जुपाची रेंगी होती. तिले भोंगा लावला होता, म्हणून तुले मोटर वाटे!"

सगळी पंगत खिदळे. मामाजीच्या गळ्याखाली लाडू उतरत नसे. "माही माय त्याच मोटरीत सून होऊन आली गा," असं बिचारा सांगत राहे. पण मोटर कवाचीच तुकड्या-तुकड्यानं भंगारात गेलेली. फोटो नाही, कागद नाही. कळमन्याले त्याच्या बापाचं जुनं गोदाम होतं, तिथं एखादा तुकडा उरला असन, एवढीच आशा.

तेवढ्यात धोंड्याचा महिना लागला. या महिन्यात जवाई म्हणजे साक्षात विष्णू! त्याले अनारसे खाऊ घाला, धोतर द्या, त्याचे पाय धुवा. आणि मुख्य म्हणजे तो काहीही बरळला तरी नाही म्हणू नका. बाकी तीन वर्षं मी बुटीबोरीत पंक्चर काढतो, तवा मले कोणी विष्णू म्हणत नाही.

पाय धुवाले मामीजीनं, म्हणजे सासूनं, पितळेचं एक खोलगट भांडं आणलं. एका वेळी एकच पाय मावे, आणि काठाची खाच घोट्याले टोचे.

"मामीजी, हे कोणाचं भांडं आहे? याच्यावर तर इंग्रजीत नाव टाकलं आहे."

"असन बाप्पा कोणाचं. माह्या सासूच्या वेळेपासून घरात आहे. बुडाले भोक होतं, ते झाळून घेतलं."

"मंग कोण्या शिकलेल्या पाहुण्याचं राहून गेलं असन," मी निकाल देला. (भांड्यावर नाव म्हणजे भांडं देणाऱ्याचं, एवढं तर शाळेनं हाकललेल्या माणसालेही समजते!)

पाय पुसता पुसता मामाजी म्हणे, "जवाईबुवा, तुम्ही तर ट्रकवर क्लीनर होते. इंजिन ओळखता ना?"

"डोळे बांधून!"

(क्लीनर होतो हे खरं. पण बोनट उघडलं का ड्रायव्हर मले चाय आणाले पाठवे.)

झालं! सगळे निघालो गोदामात. मिरचीच्या पोत्यामागं एक लोखंडी धूड दिसलं. बाजूले भलंमोठं चाक, वर तेलकट मळीचा थर. मी त्याच्यावर टिचकी मारली, कान लावला, वास घेतला. जरासं चाटूनही पाहिलं!

"मामाजी, विलायती माल!"

"मोटरचंच ना?"

"शंभर टक्के. एका सिलेंडरचं आहे. तवाची मोटर हलकी राहे, तिले एक पुरे."

"अन् हे चाक?"

"स्टेपनी!"

बायको मधातच बोलली, "अहो, ते तर चक्की..."

"चूप बस वं सुनंदा!" मामीजी खेकसली. "धोंड्याचा महिना सुरू आहे."

मले वाटलं, मायलेकी माझं ज्ञान पाहून घाबरून राहिल्या. मंग तर मी थांबतोच कायले! कोपऱ्यात दगडाचे दोन गोल पाट पडले होते, तेही दाखवले. "हे ब्रेक." मामाजीच्या डोळ्यातून घळाघळा पाणी. आनंदाचं का मिरचीचं, मी विचारलं नाही.

रविवारी ते धूड आंगणात मांडलं. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. तात्याले मुद्दाम बोलावलं. जुन्या गाड्या ओळखणारे एक साहेबही आणले. साहेबानं बाह्या वर केल्या, मळीत हात घातला आणि विचारलं, "हे मोटरचं आहे असं कोण म्हणालं?"

सगळ्यायनं कौतुकानं माह्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घातली. विष्णूलेही थोडी लाज पाहिजे ना!

"हे पिठाच्या चक्कीचं इंजिन आहे."

"अन् स्टेपनी?" मी विचारलं.

"ते त्या इंजिनाचंच चाक."

"ब्रेक तरी?"

"ते दळायचे दगड. त्यात अजून ज्वारीचं पीठ अडकलंय."

तात्या हसता हसता खाटेवरून घसरला. "अबे, तुह्या बापाची मोटर दळण दळे!"

मी मामीजीकडे पाहिलं. "तुमाले माहीत होतं?"

"गोदामातल्या जुन्या भाडेकऱ्याची चक्की ना ते! माहं दळण तिथूनच ये. पण धोंड्यात जवाईले खोटं कसं पाडावं?"

मामाजी ओट्यावर बसला. "मलेही जरा वाटलं होतं," एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड केलं. आता जलमभराच्या पंगती त्याले तात्यासमोर जेवाच्या होत्या.

साहेबाचे हात काळे झाले होते. मामीजीनं घाईघाईनं हाताले आलं ते भांडं पाण्यानं भरून आणलं. तेच ते, माह्या पायाचं! साहेबानं हात बुडवले आणि थबकले. पाणी ओतून देलं, भांडं उलटं केलं, खाचेवर बोट फिरवलं.

"हे तुमच्या घरातलंच आहे?"

"हव, माह्या सासूपासून."

"बाई, हा मोटरीचा समोरचा दिवा आहे! या खाचेत काच बसते. हे बुजवलेलं भोक वायरचं. आणि हे नाव दिव्याच्या कंपनीचं."

मी हळूच पाय पोटाशी ओढून घेतले.

"रेंगीले लावत असन," तात्या पुटपुटला.

"बैलाला दिवा लागत नाही हो," साहेब म्हणाले.

मामाजी उठला. माह्यासाठी आणलेलं कोरं धोतर घडी मोडून काढलं आणि त्या धोतरानं दिवा पुसत बसला. मले ते धोतर मिळालंच नाही.

आता दिवा बैठकीत भिंतीवर आहे. आणि माह्या पायासाठी प्लास्टिकचा टब घेऊन ठेवला आहे. तात्या मात्र तात्याच! परवा एका लग्नात पंगत बसली तर म्हणते, "मोटर होती गा, मानलं. पण तुह्या बापानं मोटर तरी पारखून घेतली, तू जवाई काहून नाही पारखून घेतला?"

पंगत खिदळली. पण या वेळी मामाजीनं आख्खा लाडू आरामात गिळला आणि माही बाजू घेतली. "तसं नोको म्हणू गा तात्या. जिथं याचं डोकं नाही पोचलं, तिथं पाय तर पोचला होता!"